अबॅकसचे मणी आणि डोक्यातली जागा: सरावाचं फळ कुठपर्यंत पोचतं?

अबॅकसच्या क्लासचा फलक तुम्ही पाहिलाच असेल. रत्नागिरीत मारुती मंदिरच्या आसपास, चिपळूणला, खेडला, नाहीतर तुमच्या स्वतःच्या गल्लीत. अशा फलकांवर साधारण दोन प्रकारची आश्वासनं असतात. पहिलं: मूल झटपट आकडेमोड करेल. दुसरं: एकाग्रता वाढेल, स्मरणशक्ती वाढेल, सगळ्याच विषयांत प्रगती होईल. आपण ही दोन्ही एका दमात वाचतो आणि पुढे जातो. पण तुम्हाला संशोधनात यायचं असेल तर इथे थांबा, कारण ही दोन पूर्ण वेगळी विधानं आहेत. पहिलं तपासायला एक दुपार पुरते. दुसऱ्यासारखं विधान नीट कसं तपासायचं हे कळायलाच मानसशास्त्राला शंभराहून जास्त वर्षं लागली. आणि त्यातला एक अतिशय नेटका प्रयोग आपल्या शेजारी, बडोद्यात झाला.

आजची पोस्ट म्हणजे या प्रश्नाचा इतिहास. प्रश्न असा: एका कामाचा भरपूर सराव केला तर त्याचा फायदा दुसऱ्या, न शिकवलेल्या कामात होतो का? बी.एड.च्या पुस्तकांत याला 'अध्ययन संक्रमण' म्हणतात. शिकवलेल्या कामासारख्याच कामात फायदा झाला तर ते जवळचं संक्रमण. अगदी वेगळ्या कामात झाला, म्हणजे मणी हलवून इंग्रजी वाचन सुधारलं, तर ते दूरचं संक्रमण. पेट किंवा सेट-नेट झाल्यावर "विषय काय घेऊ?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास वाचावा असं मला वाटतं. एकच प्रश्न दर पिढीत नवे कपडे घालून येतो आणि दर वेळी तो विचारण्याची पद्धत थोडी सुधारते, हे यात स्वच्छ दिसतं.

पावकी-निमकीचा विश्वास

आपल्याकडे हा विश्वास जुना आहे. आजी-आजोबांच्या पिढीला विचारा. साधे पाढे तर होतेच, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी हेही पाठ असायचं. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हणायचा. आणि या सगळ्यामागे एक गृहीतक होतं: पाठांतराने बुद्धी तल्लख होते. म्हणजे पाढे पाठ झाल्याने फक्त पाढे येत नाहीत, डोकंच धारदार होतं. विळी पाजळली की ती भाजीही कापते आणि नारळही खवते, तसं.

युरोपातही नेमकं हेच मानलं जायचं. लॅटिन आणि भूमिती शिकवायची ती पुढे उपयोगी पडेल म्हणून नव्हे, तर मनाला 'शिस्त' लागते म्हणून. मन म्हणजे स्नायू, सराव म्हणजे व्यायाम. दंड-बैठका काढून कमावलेलं शरीर कुठलंही ओझं उचलतं, तसं कमावलेलं मन कुठलाही विषय उचलेल.

उपमा मोहक आहे. पण उपमा म्हणजे पुरावा नव्हे, हे आधी लक्षात घ्या. हे पहिल्यांदा मोजून पाहायचं कुणाला सुचलं?

जेम्सचे ३८ दिवस

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने स्वतःवरच प्रयोग केला. त्याचं वर्णन १८९० च्या त्याच्या मानसशास्त्रावरच्या मोठ्या ग्रंथात आहे. त्याने व्हिक्टर ह्यूगोच्या एका कवितेच्या १५८ ओळी आठ दिवसांत पाठ केल्या. एकूण वेळ लागला जवळपास १३२ मिनिटं. मग त्याने रोज वीसेक मिनिटं बसून मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'चा पहिला सर्ग पूर्ण पाठ केला. त्याला ३८ दिवस लागले. हा झाला व्यायाम. त्यानंतर तो पुन्हा ह्यूगोकडे वळला आणि त्याच कवितेच्या पुढच्या १५८ ओळी घेतल्या. स्मरणशक्ती स्नायूसारखी असती तर आता वेळ कमी लागायला हवा होता. लागला १५१ मिनिटांहून थोडा जास्त.

वाचायला मस्त आहे, पण आता परीक्षकासारखं बघा. माणूस एकच. तोच प्रयोग करणारा आणि तोच मोजणारा. दुसऱ्या वेळी आपण इतर कामांनी थकलेलो होतो, असं जेम्सने स्वतःच लिहिलंय. दुसऱ्या १५८ ओळी पहिल्यांपेक्षा अवघड नव्हत्या कशावरून? त्याने आणखी काही जणांनाही असंच करायला लावलं आणि सगळ्यांचे निकाल एकसारखे आले नाहीत. तरीही या प्रयोगाचं श्रेय मोठं आहे. 'सराव केलेलं काम' आणि 'तपासायचं काम' वेगळं ठेवायचं, आधी मोजायचं आणि नंतरही मोजायचं, हा सांगाडा इथे उभा राहिला. आजचे महागडे प्रयोगही याच सांगाड्यावर उभे आहेत.

थॉर्नडाइक, आणि बाजारातली पावकी

१९०१ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी प्रश्न प्रयोगशाळेत आणला. लोकांना आयतांचं क्षेत्रफळ नजरेने ओळखण्याचा सराव दिला. त्या आयतांत लोक तरबेज झाले. मग त्यांना वेगळ्या मापाच्या आणि वेगळ्या आकाराच्या आकृत्या दिल्या. तिथे सुधारणा फारच तुटपुंजी निघाली. म्हणजे 'नजर तयार झाली' असं काही झालंच नव्हतं. ठरावीक मापाच्या आयतांसाठीच्या खुणा तेवढ्या जमल्या होत्या.

यातून थॉर्नडाइकने मांडलेलं तत्त्व 'समान घटकांचं तत्त्व' म्हणून ओळखलं जातं: दोन कामांत जेवढे घटक सामाईक, तेवढंच एका कामातलं दुसऱ्यात जातं. जास्त नाही.

हे तत्त्व मी पावकी-निमकीला लावून बघते तेव्हा मला ते सगळ्यात नीट समजतं. पावकी येणारा माणूस बाजारात पटापट हिशेब करायचा हे खरंच होतं. पण का? रुपयाचे आणे सोळा, म्हणजे पावलीचे चार आणि अधेलीचे आठ. वजनं पावशेर, अच्छेर, शेर. बाजाराचा सगळा हिशेब पाव, निम्मा आणि पाऊण यांतच व्हायचा. शाळेतली पावकी आणि दुकानातला हिशेब यांचे घटक एकच होते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनंमापं आली आणि तो सामाईक धागा विरत गेला. पावकी पाठ असलेल्यांची बुद्धी काही त्या दिवशी कमी झाली नाही. ज्या कामाशी तिचं नातं होतं ते कामच बदललं. (पावकीचं हे विश्लेषण माझं आहे, थॉर्नडाइकचं नाही. परीक्षेत त्याच्या नावावर खपवू नका.)

उलट बाजूचा ताजा पुरावाही भारतातलाच आहे. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये एक पेपर आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं अभ्यासली. ही मुलं गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करायची, पण तेच गणित शाळेच्या पद्धतीने समोर ठेवलं की अडायची. शाळेत शिकणाऱ्या मुलांचं उलटं होतं. घटक वरवर समान दिसले तरी मुलाच्या डोक्यात ते समान असतीलच असं नाही. थॉर्नडाइकचं तत्त्व वाटतं तेवढं सोपं नाही, ते इथे कळतं.

७९ अंक, पण अक्षरं सहाच

मध्ये बरीच दशकं गेली. १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 'वर्किंग मेमरी'ची मांडणी केली. काम करता करता माहिती काही सेकंद हाताशी ठेवायची जागा, असा तिचा अर्थ. ओटा लहान असला की एका वेळी मोजकीच भांडी मावतात, तसंच हे. त्यांनी या जागेचे भाग पाडले. त्यात बोललेल्या शब्दांसाठी एक भाग आणि दिसणाऱ्या गोष्टींसाठी वेगळा. आपला विषय हा दुसरा भाग, म्हणजे दृश्य वर्किंग मेमरी. तिची मर्यादा किती? १९९७ मध्ये स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी रंगीत चौकोन क्षणभर दाखवून लपवले आणि थोड्या वेळाने पुन्हा दाखवून "काही बदललं का?" असं विचारलं. साधारण चार चौकोनांपर्यंत लोक ठीक असतात, त्यापुढे गाडी घसरते.

ही जागा सरावाने वाढते का? १९८० मध्ये अँडर्स एरिक्सन, विल्यम चेस आणि स्टीव्ह फॅलून यांचा पेपर आला. त्यात एका विद्यार्थ्याची गोष्ट आहे, पेपरमध्ये त्याचं नाव फक्त 'एस.एफ.'. सुरुवातीला त्याला आपल्यासारखेच सातेक अंक लक्षात राहायचे. वीस महिन्यांत २३० तासांच्या सरावानंतर तो ७९ अंक म्हणू लागला! जागा अकरा पट झाली म्हणायची का? संशोधकांनी साधी गोष्ट केली. अंकांऐवजी अक्षरं दिली. एस.एफ. पुन्हा सहा अक्षरांवर आला.

झालं काय होतं? तो लांब पल्ल्याचा धावपटू होता. ३, ४, ९, २ ऐकलं की तो ती धावण्याची वेळ म्हणून लक्षात ठेवायचा. ओटा तेवढाच होता, पण तो भांडी एकात एक रचून ठेवायला शिकला होता. रचायची युक्ती अंकांसाठी होती, त्यामुळे अक्षरांना तिचा उपयोग शून्य. या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य माझ्या मते हेच: गुण वाढले म्हणजे क्षमता वाढली असं नाही, युक्ती सापडलेली असू शकते. दोन्हींतला फरक दाखवायचा तर साहित्य बदलून परीक्षा घ्यावी लागते.

मण्यांचं चित्र

आता अबॅकसकडे. जपानी सोरोबानमध्ये प्रत्येक उभ्या दांडीवर वर एक मणी असतो, त्याची किंमत पाच. खाली चार मणी, प्रत्येकाची किंमत एक. एक दांडी म्हणजे एक स्थान: एकक, दशक, शतक. काही वर्षांनी मूल खरं अबॅकस बाजूला ठेवतं, डोळ्यांसमोर त्याचं चित्र आणतं आणि हवेत बोटं हलवत त्या चित्रातले मणी सरकवतं. म्हणजे हे दृश्य वर्किंग मेमरीचंच काम झालं. हजारो मुलं आवडीने, वर्षानुवर्षं करतात असं. प्रश्न तपासायला यापेक्षा चांगली नैसर्गिक जागा कुठली?

जपानमध्ये गियू हातानो आणि केइको ओसावा यांनी १९८३ मध्ये अबॅकसच्या अत्युच्च दर्जाच्या तज्ज्ञांची स्मरणशक्ती तपासली. अंक त्यांना पंधरा-सोळाच्या आसपास लक्षात राहायचे. मग त्यांना अक्षरं आणि फळांची नावं दिली. तिथे ते तुमच्याआमच्यासारखेच निघाले. एस.एफ.चीच गोष्ट, फक्त त्याच्याकडे धावण्याच्या वेळा होत्या आणि यांच्याकडे मणी.

मण्यांचं चित्र चालतं कसं, हे मायकेल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर यांनी गुजरातेतल्या अबॅकस शिकणाऱ्या मुलांबरोबर काम करून शोधलं. हा पेपर २०१२ चा. त्यांना दिसलं की मुलं हिशेब करताना कानावर पडणारं बोलणं त्याच वेळी म्हणत राहिली तरी त्यांचं काम फारसं बिघडत नाही. अबॅकस न शिकलेले अमेरिकन विद्यार्थी मात्र त्याच अडथळ्याने चांगलेच गडबडतात, कारण आपण हिशेब मनातल्या मनात बोलून करतो. आणि संख्येतले अंक वाढले की या मुलांची अचूकता तीन-चार दांड्यांनंतर घसरायला लागते. हा तीन-चार आकडा ओळखीचा वाटला का? तीच दृश्य वर्किंग मेमरीची मर्यादा. म्हणजे अबॅकसने जागा मोठी केलेली नाही. आहे त्या जागेत मोठी संख्या बसेल असा तिचा आकार करून दिलाय: एक दांडी, एक गठ्ठा. कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी बनवलेलं हे उपकरण आपल्या नजरेच्या मर्यादेत इतकं चपखल बसतं, हे मला कुठल्याही 'मेंदूची शक्ती वाढवा'पेक्षा जास्त थक्क करतं.

मधला बाजार: संगणकावरचा सराव

अबॅकसची गोष्ट पूर्ण करण्याआधी बाहेर काय चाललं होतं ते थोडक्यात. २००२ मध्ये स्वीडनच्या टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी अवधानाचा त्रास असलेल्या मुलांना संगणकावर वर्किंग मेमरीचा सराव दिला आणि न शिकवलेल्या तर्काच्या चाचणीतही सुधारणा दिसल्याचं लिहिलं. मुलं एकूण १४. २००८ मध्ये सुझान येगी आणि सहकाऱ्यांनी चौकोनाची जागा आणि ऐकलेलं अक्षर एकाच वेळी लक्षात ठेवण्याचा सराव दिला आणि त्याने तर्कबुद्धी वाढते, जितके दिवस जास्त तितकी जास्त, असं मांडलं. या बातमीने जग हललं. ॲप निघाले, कंपन्या निघाल्या.

येगींच्या प्रयोगातल्या तुलनेच्या गटाला काहीच काम दिलेलं नव्हतं. इथे अडचण दिसते का? ज्याला महिनाभर 'खास सराव' मिळालाय तो शेवटच्या चाचणीला उमेदीने बसतो. ज्याला काहीच मिळालं नाही तो "संपवा लवकर" म्हणून बसतो. फरक उमेदीचाही असू शकतो. थॉमस रेडिक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तोच सराव दिला, पण तुलनेच्या गटालाही तितकंच मेहनतीचं दुसरं काम दिलं, गर्दीतून एखादं चिन्ह शोधण्याचं. सरावाच्या खेळात लोक सुधारले. बुद्धीच्या चाचण्यांत गटांत फरक दिसला नाही.

मेलबर्नमध्ये ४५२ लहान मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दृश्य स्मृतीच्या चाचणीत काही काळ फायदा दिसला, पण दोन वर्षांनी वाचनात, शुद्धलेखनात काही फरक नाही. गणितात तर सराव केलेली मुलं किंचित मागे. सरावासाठी मुलांना वर्गातून बाहेर काढावं लागतं, हे विसरू नका. त्याच वर्षी मोनिका मेल्बी-लर्व्हाग, रेडिक आणि चार्ल्स ह्यूम यांनी ८७ प्रकाशनं एकत्र तपासली. सरावासारख्याच चाचण्यांत फायदा. तुलनेच्या गटालाही काम दिलेलं असेल तिथे बुद्धी, वाचन, गणित यांत पटण्याजोगा फायदा नाही. आणि जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 'ल्युमॉसिटी'च्या कंपनीला फसव्या जाहिरातींबद्दल २० लाख डॉलर भरायला लावले. संशोधनातला कच्चा दुवा बाजारात गेला की त्याची किंमत लोक मोजतात.

ताईचा प्रश्न आणि बडोद्याचं उत्तर

माझी एक मावसबहीण घरी अबॅकसचे क्लास घेते. हे सगळं तिला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझे ते पेपर राहू देत. माझ्याकडची मुलं शाळेतही पुढे असतात. मी डोळ्यांनी बघते ना!"

ताई खोटं बोलत नव्हती. तिचं निरीक्षण खरंच असणार. पण तिच्याकडे येतं कोण? ज्यांच्या आईवडिलांना फी परवडते, जे मुलाला वेळेवर आणून सोडतात, घरीही अभ्यास घेतात. आणि तीन-चार वर्षं टिकतं कोण? ज्याला जमतं तोच. टिळकांना लहानपणी खंडीभर श्लोक पाठ होते म्हणून ते बुद्धिमान झाले, की मुळात तल्लख होते म्हणून श्लोक पटकन पाठ झाले? नुसत्या निरीक्षणावरून हे कधीच सुटणार नाही. सोडवायचा एकच मार्ग: कोण शिकणार हे आईवडिलांनी नाही, मुलाने नाही, तर चिठ्ठीने ठरवायचं.

ते बडोद्यात केलं गेलं. सयाजीरावांचं बडोदं, जिथे १९०६ मध्येच प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचं झालं होतं. बार्नर, फ्रँक, जॉर्ज अल्वारेझ, महेश श्रीनिवासन, जेसिका सलिव्हन आणि इतरांनी तिथल्या एका धर्मादाय शाळेत हा प्रयोग केला. निकाल २०१६ मध्ये आला. मुलं २०४, सुरुवातीला वय ५ ते ७, कालावधी तीन वर्षं. मुलांचे गट यादृच्छिक पद्धतीने पाडले. एका गटाला आठवड्याला तीन तास अबॅकस, दुसऱ्या गटाला तेवढेच तास जादा गणित, पण नेहमीच्या पद्धतीचं. म्हणजे रेडिकची अट पाळली: दुसरा गट रिकामा बसवला नाही. अंकगणिताबरोबरच वर्किंग मेमरी, मनातल्या मनात आकृती फिरवणं, आकृत्यांवरचा तर्क यांच्याही चाचण्या सुरुवातीला आणि नंतर पुन्हा पुन्हा घेतल्या.

निकाल तीन ओळींत. एक: अबॅकसची मुलं अंकगणितात दुसऱ्या गटाच्या पुढे गेली. साध्या शाळेतल्या साध्या वर्गातही हे जमतं. दोन: वर्किंग मेमरी किंवा इतर मूलभूत क्षमतांत अबॅकसमुळे बदल दिसला नाही. तीन, आणि हीच खरी गंमत: ज्या मुलांची दृश्य-अवकाशीय वर्किंग मेमरी सुरुवातीलाच चांगली होती, त्यांनाच अबॅकसचा फायदा मुख्यतः झाला.

तिसरी ओळ पुन्हा वाचा. फलक म्हणतो, अबॅकसने स्मृती वाढते. आकडे म्हणाले, स्मृती चांगली असली की अबॅकस चढतं. बाण उलटा होता. क्लासमध्ये टिकून राहिलेल्या मुलांची स्मृती चांगली असते हे ताईचं निरीक्षण आणि हा निकाल यांत विरोध नाहीच. बाणाची दिशा तेवढी निरीक्षणाला दिसत नाही.

हे ऐकून ताई गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे ज्याचं पोर जरा मागे आहे तो आशेने येतो, आणि फायदा त्यालाच कमी?" माझ्या मते या सगळ्या विषयातला खरा पेच एवढाच आहे. "मग मी क्लास बंद करू की काय?" असंही तिने विचारलं. तशी गरज नाही. आकडेमोड चांगली होते हा दावा बडोद्यात टिकला, आणि हा काही लहान दावा नाही. तेवढाच करावा. आठ महिने चित्र डोळ्यांसमोर येत नसेल अशा मुलाच्या आईला मात्र "अजून एक लेव्हल भरा" म्हणण्याआधी थांबावं.

मग प्रश्न संपला का?

नाही. चीनमध्ये, विशेषतः झेजियांग विद्यापीठातल्या गटाने, दीर्घकाळ अबॅकस शिकलेल्या मुलांत एका कामावरून दुसऱ्या कामावर चटकन वळण्याची क्षमता चांगली दिसल्याचं २०१५ मध्ये लिहिलं आहे. तिथला सराव जास्त वर्षांचा असतो. आणि "फरक दिसला नाही" म्हणजे "फरक नाहीच" असंही नव्हे. २०४ मुलांच्या प्रयोगात अगदी बारीक परिणाम निसटू शकतो. पण एवढं म्हणता येतं: 'सगळ्याच विषयांत प्रगती' म्हणण्याइतका मोठा परिणाम असता, तर तो लपला नसता.

तुमच्यासाठी या इतिहासातून चार प्रश्न काढून ठेवते. 'अमुक सरावाने तमुक सुधारतं' असं कुठलंही विधान वाचलंत, मग ते योगासनं असोत, बुद्धिबळ, संगीत किंवा कोडिंगचे क्लास, की हे विचारा:

१. शेवटची चाचणी सरावापेक्षा किती वेगळी होती? (एस.एफ.ची अक्षरं आठवा.)

२. तुलनेच्या गटाला काय दिलं होतं? काहीच नाही, की तितक्याच मेहनतीचं दुसरं काम?

३. गट कोणी पाडले? मुलांनी, पालकांनी, की चिठ्ठीने?

४. सुरुवातीची मोजणी होती का? नसेल तर बाण कुठल्या दिशेचा आहे ते कसं कळणार?

जेम्सकडे फक्त चौथं होतं आणि पहिलं थोडंसं. थॉर्नडाइकने पहिलं पक्कं केलं. रेडिकने दुसरं. बडोद्यात चारही एकत्र आले. प्रश्न मात्र दिवेलागणीला परवचा म्हणणाऱ्या प्रत्येक घरात आधीपासून होताच. तो विचारता येईल असा करायला एवढी माणसं लागली.

गृहपाठ: आपल्या जिल्ह्यात वेदपाठशाळेत, भजनी मंडळात किंवा दशावतारात लहानपणापासून लांबलचक पाठांतर करणारी मुलं-माणसं आहेत. त्यांची स्मृती इतरांपेक्षा चांगली आहे का, आणि असेल तर ती पाठांतरामुळेच का, हे तपासणारा प्रयोग एका पानात लिहून बघा. तिसऱ्या प्रश्नापाशी तुम्ही अडाल, कारण पाठशाळेत कोण जाणार हे चिठ्ठीने ठरवता येत नाही. अशा वेळी काय करायचं, ते पुढच्या पोस्टमध्ये बघू. तोवर तुमचं पान लिहून ठेवा.